सावलीतल्या कोपऱ्याने केलेला घोळ

मी एक पाटी बोलतेय. शाळेतली नव्हे, दुकानाच्या कपाळावरची, आतून उजेड पडणारी. आणि बोलतेय म्हणजे काय, सुटलेच आहे! चौदा वर्षं माझ्या अंगावर दुसऱ्यांचेच शब्द होते, स्वतःचा एक शब्द काढायची सोय नव्हती. आता संधी मिळालीय, तर मी मध्ये दम खायला थांबणार नाही. हातातलं काम जरा बाजूला ठेवा.

माझा जन्म एका भल्यामोठ्या दुधी रंगाच्या अॅक्रिलिक शीटमधून झाला. करवत फिरली आणि आम्ही पाच बहिणी सुट्या झालो. मी आठ फूट लांब, अडीच फूट उंच, जाडीला जेमतेम नखाएवढी. मग आम्हाला अंगभर पिवळं व्हिनाइल चिकटवलं. व्हिनाइल म्हणजे मोठा स्टिकरच हो, पण उन्हापावसात टिकणारा. त्या पिवळ्यावर लाल अक्षरं आली, ‘झटपट लाँड्री’, आणि पाच दुकानांच्या पाच दारांवर आम्ही पाच जणी जाऊन बसलो. मागे पत्र्याची पेटी, पेटीत ट्यूबलाइट, आणि पेटीचं झाकण म्हणजे मी.

आमचे मालक हाडाचे आळशी. नाव झटपट आणि शर्ट मिळायचा पाचव्या दिवशी. माणसं माझ्याखाली उभी राहून फोनवर सांगायची, “निघालोय, पोचतोच आहे,” आणि तिथेच उभं राहून आणखी दहा मिनिटं घालवायची. ज्याला कुणाशी नजर भिडवायची नसेल तो मान वर करून मला वाचायचा. दोनच शब्द, पण लोक ते पाच-पाच मिनिटं वाचत. मला तेव्हा वाटायचं, काय सुंदर दिसत असेन मी!

कसली सुंदर. सकाळी नऊपासून ऊन माझ्यावर जे चढायचं ते थेट चारपर्यंत. फक्त उजवं टोक तेवढं सुखात होतं, कारण वरच्या मजल्याची गॅलरी नेमकी त्या कोपऱ्यावर पुढे आलेली होती. बाकी अंगावरचा पिवळा रंग फिका होत होत आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखा झाला. लाल अक्षरांची साल निघाली. आतल्या दोन ट्यूब गेल्या, त्या कुणी बदलल्या नाहीत. धूळ मात्र कुणी न सांगता नियमाने येत होती. लोकांचे डाग काढून देणाऱ्या दुकानाच्या दारावर सगळ्यात मळकट मीच! लाजेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आणि मग यंदा मालकांनी पाचही लाँड्र्या विकून टाकल्या. घेणाऱ्या मॅडम एकदम कडक. पांढरी इस्त्रीची साडी, हातात वही, चालताना चपलेचा आवाजसुद्धा मोजूनमापून. त्यांनी दुकानांना नवं नाव ठेवलं, ‘नितळ’. दाराशी उभ्या राहून त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, “ही बया आधी उतरवा.”

दुसऱ्या दिवशी शिडी आली. शिडीवर एक मुलगी होती, चोवीस-पंचवीसची, केसात पेन्सिल खोचलेली. पाट्या करणाऱ्या कारखान्यातल्या बाबांची ही लेक. मॅडमनी तिला विचारलं होतं, जुन्याच पाट्या साफ करून पुन्हा वापरता येतील का, आणि खर्च किती. तिला स्वतःच्या जबाबदारीवर मिळालेलं हे पहिलं काम. ती इतकी खूश होती की शिडीही हलत होती!

आता नीट ऐका, कारण सगळा घोळ इथे झाला. माझ्या डाव्या बाजूखाली कुणीतरी गाडी लावून ठेवली होती. शिडी टेकवायला जागा होती ती उजवीकडेच, गॅलरीच्या खाली. तिथे ती चढली, माझ्या उजव्या कोपऱ्यातलं व्हिनाइल तिने नखाने जरा उचकटलं आणि ओढलं. सर्रकन हातभर लांब पट्टी निघाली! उकडलेल्या बटाट्याचं साल निघावं तशी, सलग, एका ओढीत. खालचं माझं अंग दुधासारखं पांढरं दिसलं. तिने शिडीवरूनच आरोळी ठोकली, “मॅडम, अगदी सहज निघतंय! एका पाटीला एक तास!”

मीही तेव्हा हुरळून गेले, खोटं कशाला बोलू? कुणीतरी चौदा वर्षांनी मला हात लावला होता, आणि मी किती सोपी आहे हे दाखवायची मला घाई झाली होती. तिने केसातली पेन्सिल काढली, शिडीवरच वहीत आकडे मांडले आणि संध्याकाळपर्यंत मॅडमना किंमत कळवूनही टाकली. पाच पाट्या, पांढऱ्या जमिनीवर, म्हणजे अक्षरांमागच्या रंगावर, निळी अक्षरं, आठ दिवसांत. मॅडमनी होकार दिला.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. मधोमध मोठं टेबल, भिंतीला शीटचे तुकडे उभे केलेले, कोपऱ्यात अक्षरं कापणारं मशीन, आणि खिडकीत बाबांचे जुने ब्रश एका डब्यात. बाबा मूळचे पेंटर. हाताने पाट्या रंगवायचे दिवस संपले तसे त्यांनी मशीन घेतलं, पण ब्रश टाकवत नव्हते. आम्हा पाच जणींना भिंतीशी टेकवलेलं पाहून ते म्हणाले, “हे काय आणलंस?”

“जुन्या पाट्या. सोलून नव्या करायच्या.”

“पोरी, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! अगं, नवी शीट आणली की दोन तासांत पाटी तयार. पैसे जातात ते एकदाच. जुनी सोलायला बसलं की शीटचे पैसे वाचतात आणि माणसाचे तास जातात. तास शीटपेक्षा महाग असतात.”

“एक तास लागतो, बाबा. मी स्वतः सोलून बघितलंय.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी शक्य तेवढी सोपी दिसायचा प्रयत्न केला.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “तू अंदाज दिलायस, तूच निभाव. पण अंगावर आलं तर या कारखान्यात दुरुस्तीचं नाव काढायचं नाही. फक्त नव्या पाट्या करायच्या. आणि किंमत मी सांगणार.”

हे ऐकून टेबलापलीकडून आवाज आला, “आणि मग मी काय करू, ते पण सांग की दादा.” ही आत्या. बाबांची धाकटी बहीण, मुलीची आत्या, त्यामुळे सगळ्यांचीच आत्या. जुन्या पाट्या सोलणं, घासणं, पुसणं हे सगळं तिचं. नवी पाटी मशीन कापतं, बाबा चिकटवतात, त्यात आत्याला रोजाचं काम उरतच नाही. म्हणजे बघा, माझ्याबरोबर या दोघींचंही काय ते ठरणार होतं, आणि तेही आठ दिवसांत.

पहिला मान माझा! मला टेबलावर आडवं केलं. आत्याने पदर खोचला, उजव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि सर्रकन एक पट्टी, सर्रकन दुसरी. “अगं, ही तर लोण्यासारखी सुटतेय,” आत्या म्हणाली. मुलीने बाबांकडे असं काही बघितलं की विचारू नका. मी नुसती फुलून आले होते.

हातभर अंतर गेलं आणि व्हिनाइल तुटलं.

आत्याने पुन्हा उचकटलं. नखाएवढा कपचा हातात आला. पुन्हा उचकटलं, तांदळाएवढा आला. पुढे तर नुसता भुगा. उन्हाने भाजून भाजून माझ्या अंगावरचं व्हिनाइल पापडासारखं झालं होतं, आणि खालचा डिंक दगडासारखा. मुलीने हीट गन आणली, गरम हवा सोडली. व्हिनाइल किंचित मऊ झालं, पण त्याआधी मीच मऊ पडले. माझं पोट खाली झुकायला लागलं! “बंद कर, बंद कर, शीट वाकेल!” आत्या ओरडली. मग मुलीने थिनरची बाटली उचलली, ती मात्र बाबांनी धावत येऊन हातातून काढून घेतली. “थिनर लागला की अंगभर जाळीसारख्या चिरा पडतात. मग हिचा उपयोग टेबलावर चहाचे कप ठेवायला.”

उरली प्लास्टिकची पट्टी आणि आत्याचं मनगट. खरवड, खरवड, खरवड. मला वाटलं होतं गुदगुल्या होतील, पण मला आत्याकडेच बघवेना. दुपारपर्यंत चार तासांत जेमतेम हातभर जागा साफ झाली. आत्याने हात झटकला, मनगटाला फडकं गुंडाळलं आणि पुन्हा बसली.

मुलीने पेन्सिल काढली आणि आकडे पुन्हा मांडले. एका पाटीला दोन पूर्ण दिवस. पाच पाट्यांना दहा. हातात आठ होते, त्यातला एक संपत आला होता. वर आत्याचा दहा दिवसांचा रोज, जो तिने किमतीत धरलाच नव्हता. ती वहीकडे बघत राहिली आणि तिचे कान लाल झाले.

“पण तिथे तर सहज निघालं होतं,” ती पुटपुटली.

बाबा माझ्याजवळ आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी माझ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. “हा कोपरा बघ. पिवळा अजून पिवळाच आहे. आणि हे सगळं बघ, पांढरटलंय. हिच्यावर उजवीकडे काय होतं?”

मुलीने डोळे मिटले. “गॅलरी.”

“शितावरून भाताची परीक्षा करतात गं,” बाबा हळूच म्हणाले, “पण तू शीत उचललंस ते वेगळ्याच भांड्यातलं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोपरा माझा होता ना! मी त्या दिवशी शिडीपाशी सर्रकन सुटले, ऐटीत सुटले, आणि एका चांगल्या मुलीला तोंडघशी पाडलं. पाटीला रडता येत नाही, नाहीतर त्या टेबलाखाली बादली ठेवावी लागली असती.

“बाबा, पाचही नव्या करू,” शेवटी मुलगी म्हणाली. “शीटचे पैसे माझ्या पगारातून कापा.”

बाबांनी हो म्हणायला हवं होतं, त्यांचंच म्हणणं खरं ठरलं होतं. पण ते मागे खुर्चीत जाऊन बसले. आत्या उठली, मला दोन्ही हातांनी धरून उलटं केलं आणि माझ्या पाठीवर चहाचा कप ठेवला. “आता हिचं तोंड नको बघायला,” ती करवादली. “पाठ बघा कशी गुळगुळीत आहे! चौदा वर्षांत ओरखडा नाही. मेला सगळा त्रास तोंडाचा.”

मुलीने मान वर केली.

ती उठली, कप उचलला आणि माझ्या पाठीवरून तळहात फिरवला. ती बाजू पेटीच्या आत होती, उजेडाकडे. ऊन नाही, पाऊस नाही, व्हिनाइलचा कणही नाही. “आत्या,” ती म्हणाली, “हिला उलटीच बसवली तर?”

“म्हणजे?”

“पाठ रस्त्याकडे, तोंड पेटीत. नवं व्हिनाइल पाठीवर चिकटवायचं. एकदम नव्यासारखं बसेल.”

“आणि तोंडावरचं जुनं? ते उजेड अडवेल की. पांढऱ्या जमिनीवर सगळे डाग दिसतील,” आत्या म्हणाली.

मुलीचा चेहरा पडायला लागला आणि तेवढ्यात, तुम्हाला काय सांगू, तेवढ्यात बाबा खुर्चीतून उठले! खिडकीतल्या डब्याशी गेले, एक ब्रश उगाचच हातात घेतला आणि म्हणाले, “काचेवर पाटी रंगवायचो तेव्हा मी अक्षर रंगवायचोच नाही. जमीन रंगवायचो आणि अक्षर सोडायचो. निळी जमीन कर, जाड, उजेड न जाणारी. अक्षरं तेवढी पांढरी सोड. उजेड फक्त अक्षरांतून येईल. मग जुनं व्हिनाइल सोलायचं कुठे?”

“फक्त अक्षरांच्या मागे!” मुलगी ओरडली.

“तीनच अक्षरं. पाटीचा आठवा हिस्सासुद्धा नाही,” बाबा म्हणाले.

“आणि बाकीचं सुटून पेटीत पडलं तर?” मुलीने विचारलं.

आत्याने फडक्यातलं मनगट पुढे केलं. “माझ्याच्याने चार तासांत निघालं नाही, ते आपणहून पडेल?”

तिघंही हसायला लागली. मी उलटी पडले होते, माझं तोंड टेबलाला चिकटलेलं होतं, तरी मी हसत होते! मग बाकीच्या चौघींची तपासणी झाली, आणि या वेळी मुलीने प्रत्येकीला डावीकडे, उजवीकडे, मध्ये, सगळीकडे नख लावून पाहिलं. मी आणि दोघी सपाट, म्हणून उलट्या करता येणाऱ्या. चौथी चौकातल्या दुकानाची, तिचं पोट साच्यातून फुगवलेलं होतं. ती उलटी बसणार नाही, पण तसा साचा नव्याने करायचा तर खर्च अफाट, म्हणून तिच्यावर दोन दिवस घालवणं परवडणारं. पाचवीला मधोमध चीर होती. तिच्यावर मेहनत घालण्यात अर्थ नव्हता, तिला नवी शीट. माझी ती बहीण भिंतीशी तशीच उभी राहिली. पुढे तिचे तुकडे करून रंग तपासायला घेतले. मला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. पण चीर चीरच असते.

आता एकच अडचण होती. मॅडमशी ठरलं होतं पांढरं.

“मी त्यांना सांगते, निळी जमीन जास्त उठून दिसते म्हणून,” मुलगी म्हणाली.

“सांग,” बाबा म्हणाले. “दिसतेच.”

“मग?”

“मग काही नाही. सांग.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला टेम्पोत घातलं आणि मॅडमच्या मोठ्या दुकानात नेलं. म्हणजे माझ्याच दुकानात! चौदा वर्षं मी दारावर होते, पण आत काय आहे ते कधी पाहिलं नव्हतं. काय सांगू, मी वेडीच झाले. कपड्यांच्या रांगा, प्रत्येकावर चिठ्ठी, वाफेचे फुसकारे, साबणाचा तो कोमट वास! मला गल्ल्याशेजारी टेकवलं. मॅडम चष्म्यावरून बघत होत्या.

“हे काय? अजून सोललं नाही?”

“मॅडम, मी विचार करत होते की पांढऱ्यापेक्षा निळी जमीन केली तर...”

“पांढरं ठरलं होतं.”

“हो, पण निळ्यावर अक्षरं जास्त...”

“का?” मॅडमनी वही मिटली. “परवा पांढरं छान होतं. आता निळं का छान झालं?”

मुलीने माझ्याकडे बघितलं. इस्त्रीवाल्याचा हातही थांबला. मी तिच्याकडे बघत होते, आणि मला वाटत होतं, सांग ना, गॅलरीचं सांग, माझं नाव घे, दोष माझ्यावर टाक! तिने ओठ आवळले आणि मग एका दमात सगळं ओतलं. “मॅडम, माझा अंदाज चुकला. मी हिचा कोपरा तपासला तो गॅलरीच्या सावलीतला होता. उन्हातलं व्हिनाइल भाजलंय, निघत नाही. पांढरी करायची तर दहा दिवस लागतील, आत्याचे हात जातील आणि तरी डाग राहतील. निळी केली तर वेळेत होते आणि नव्यासारखी होते. किंमत ठरली तीच. तुम्हाला नको असेल तर मी पाचही नव्या शीटवर पांढऱ्या करून देईन, त्याच किमतीत. नुकसान माझं.”

मॅडम उठल्या. माझ्या उजव्या कोपऱ्याला बोट लावलं, मग डावीकडे येऊन नखाने खरवडलं. नखात भुगा आला. त्या भुग्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, आणि अचानक त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, चिडल्या. त्या हसत होत्या!

“मी नवी नवी होते तेव्हा,” त्या म्हणाल्या, “एका बाईंचे पडदे आले होते. भारी कापड. डागाचं औषध आधी आतल्या शिवणीवर लावून बघतात, तसं मी बघितलं. काही झालं नाही. मग सबंध पडदा बुडवला. बाहेर काढला तर मधला भाग हातात आला, चिंध्या होऊन! शिवणीला ऊन कुठे लागलं होतं? ऊन लागलं होतं पडद्याला.” त्यांनी डोळे पुसले. “त्या बाईंना मी काय सांगितलं माहितेय? कापडच कच्चं होतं म्हणाले. अजून त्या रस्त्यात दिसल्या की मी फुटपाथ बदलते.”

मुलीला हसावं की नाही ते कळेना.

“निळी कर,” मॅडम म्हणाल्या. आणि लगेच वही उघडली. “पण मेहनत वाचतेय ना तुमची? मग किंमत कमी नको व्हायला?”

मला वाटलं, आता ही विरघळणार, होय म्हणणार. पण माझी मुलगी ताठ उभी राहिली. “वाचतेय ती मेहनत मी मुळात धरलीच नव्हती मॅडम. आता कुठे काम मी धरलेल्या तासांत बसतंय.”

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं आणि वही मिटून टाकली.

पुढचे दिवस! अहो, काय धमाल! बाबांनी खडूने माझ्या तोंडावर ‘नितळ’ उलटं लिहिलं, आरशात दिसतं तसं, सराईत हाताने, एकदाही न पुसता. मुलगी तोंड उघडं टाकून बघत होती. आत्याने त्या रेषेच्या आतलं तेवढं सोललं, कडेने बोटभर जास्त, म्हणजे कडेची सावली पडायला नको. अडीच तास लागले, मध्ये दोनदा चहा झाला. मग मला पालटलं, साबणाच्या पाण्याने पाठ न्हाऊ घातली, आणि निळं व्हिनाइल रबरी पट्टीने असं काही बसवलं की एक बुडबुडा नाही. मागे दिवा धरून पाहिलं, तर ‘ळ’च्या पोटात जुन्या लाल अक्षराचा पुसट ठसा दिसला. मुलीचा जीव वर गेला. बाबांनी आतल्या बाजूने दुधी फिल्मचा तुकडा लावला, ठसा विरून गेला. सातव्या दिवशी संध्याकाळी आम्ही पाचही जणी तयार होतो, एक दिवस हातचा राखून.

पेटीतल्या गेलेल्या ट्यूब बदलल्या आणि मला वर चढवलं. उलटी! म्हणजे आजवर जी पाठ होती तिने मी पहिल्यांदा रस्ता पाहिला. बसथांबा, बुटांचं दुकान, फोनवर “पोचतोच” म्हणणारी माणसं, सगळं तेच, आणि सगळं मला नवं कोरं. अंधार पडायच्या सुमारास मॅडमनी बटण दाबलं. समोरच्या फुटपाथवर बाबा, आत्या आणि मुलगी उभी होती. माझी तीन अक्षरं लागली. बाजूला सगळं गडद निळं आणि मध्ये ती तीन, एकसारखी, स्वच्छ, कुठे डाग नाही, ठसा नाही. आत्याने मनगटावरचं फडकं सोडून हवेत फिरवलं!

तेवढ्यात समोरच्या दुकानातून बूटवाले काका बाहेर आले. माझ्याकडे बघत बाबांना म्हणाले, “जुनीच आहे ना ही? कमाल आहे! माझी पण करून द्या अशीच. नवी महाग पडते. काय खर्च येईल?”

बाबांनी सवयीने तोंड उघडलं. मग मिटलं. मुलीकडे हात करून म्हणाले, “हिला विचारा. अंदाज ती देते.”

मुलगी क्षणभर बाबांकडे बघत राहिली. मग तिने काकांची पाटी खालून पाहिली, शिडी मागवली, डावीकडे चढली, मध्ये चढली, उजवीकडे चढली. मला वाटलं, चला, आणखी एक वाचली! मी उजळून निघाले होते, आणखी उजळले. मुलगी खाली उतरली, हात झटकले आणि म्हणाली, “काका, ही फेकून द्या. कडेने तडे गेलेत, पुढच्या उन्हाळ्यात फुटेल. हिच्यावर मेहनत घातली तर तुमचे पैसे वाया. नवी करू.”

मला धक्काच बसला! जुन्या पाट्या वाचवायला निघालेली ही मुलगी, हातात आलेलं दुरुस्तीचं काम सोडत होती. बाबांनी चष्मा काढून तो पुसला, आणि पुसतच राहिले. आणि मग माझ्या लक्षात आलं. मला तिने दया येऊन वाचवलं नव्हतं. सगळीकडून नख लावून, तास मोजून, आत्याच्या हातांचा विचार करून तिने ठरवलं होतं की ही पाटी ठेवण्यासारखी आहे. मी परवडत होते! चौदा वर्षांची, उन्हात भाजलेली, उलटी बसवलेली मी, परवडत होते! याहून मोठं कौतुक पाटीच्या वाट्याला दुसरं कुठलं येणार?

बूटवाल्या काकांच्या पाटीला उद्या उतरवतील. नवी येईपर्यंत तिच्याशी दोन शब्द बोलून घेईन म्हणते, चौदा वर्षं समोरासमोर होतो आणि ओळखच झाली नाही.

तुमच्याही दारावर एखादी म्हातारी पाटी असेल. तिला उगाच फेकू नका आणि उगाच कुरवाळत बसू नका. तिला नीट हात लावून बघा, एवढंच मागणं आहे. आता येते हं मी. बसथांब्यावर एक बाई मान वर करून उभ्या आहेत, गाठोडं काखेत आहे, आणि त्या मला वाचतायत.